लाल तांदळाची कॅप्सूल 'नैसर्गिक' आहे, मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?

प्रश्न एका निवृत्त मुख्याध्यापकांचा आहे. थोडक्यात असा: वय ६१, नऊ वर्षांपासून डायबेटिस, एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) १५८. फॅमिली डॉक्टरांनी अ‍ॅटोर्वास्टॅटिन २० ही कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी लिहून दिली, पण ती अजून आणलेली नाही. कारण न्यू जर्सीच्या मुलाने 'रेड यीस्ट राइस'च्या कॅप्सूल पाठवल्यात, डब्यावर 'नैसर्गिक' असं ठळक छापलंय, आणि गेले दहा दिवस त्या चालू आहेत. स्टॅटिन म्हणजे बुरशीपासून काढलेलं औषध असं कुठेतरी वाचनात आलं, घरात शाकाहार कडक. तर बुरशीची गोळी बरी की तांदळाची कॅप्सूल? आणि पत्राच्या शेवटी, ता. क. म्हणून एक ओळ: 'जांघेतल्या गजकर्णासाठी स्किनच्या डॉक्टरांनी महिनाभर इट्राकोनॅझोल दिलं आहे, तेही चालू आहे.'

सर, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती शेवटचीच. तेव्हा आधी एक काम करा: तांदळाची कॅप्सूल आजपासून बंद. बाकीचं सावकाश वाचा, हे मात्र आत्ताच.

आता कारण सांगतो. एक पर्याय बुरशीचा आणि दुसरा तांदळाचा, असं तुम्ही धरून चाललात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अ‍ॅटोर्वास्टॅटिन कारखान्यात साध्या रसायनांपासून पायरीपायरीने बनवतात, त्यात बुरशीचा कुठे संबंध येत नाही. बुरशी आहे ती तुमच्या डब्यात. मोनॅस्कस नावाची बुरशी भातावर वाढवायची, भात लालभडक झाला की वाळवून दळायचा, ती पूड कॅप्सूलमध्ये भरायची. चीनमध्ये शेकडो वर्षं हा लाल भात मद्य आंबवायला आणि पदार्थांना रंग द्यायला वापरतात. (आपला कोकणातला लाल तांदूळ किंवा गोव्याचा उकडा तांदूळ निराळा. त्याचा लाल रंग कोंड्याचा असतो, त्यात हे औषध नाही. पेजेवर संशय नको.) या पुडीत कोलेस्टेरॉल उतरवणारं जे मुख्य द्रव्य आहे त्याला मोनॅकोलिन के म्हणतात. मोनॅकोलिन के म्हणजे लोवास्टॅटिन. त्याच्यासारखं काहीतरी असं म्हणत नाही मी. तेच, अणूला अणू जुळतो. लोवास्टॅटिन ही १९८७ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी गोळी आहे, जगात बाजारात आलेलं पहिलं स्टॅटिन.

एकाच द्रव्याला दोन नावं कशी पडली, ती गोष्ट सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

अकिरा एंडो हे जपानच्या अकिता प्रांतातल्या शेतकरी घरातले. जन्म १९३३चा, गेले २०२४ मध्ये. टोकियोच्या सांक्यो या औषध कंपनीत ते नोकरीला होते. साठच्या दशकात दोन वर्षं न्यूयॉर्कला राहिले, तिथे हृदयविकाराने किती माणसं जातात ते पाहिलं आणि परतल्यावर १९७१ मध्ये कामाला लागले. त्यांचा तर्क शेत पाहिलेल्या माणसाचा होता. बुरशीला पळून जाता येत नाही. जागेसाठी, अन्नासाठी तिला शेजाऱ्यांशी भांडावं लागतं, आणि त्यासाठी ती विषं तयार करते. पेनिसिलिन हे त्यातलंच एक. मग ज्या शेजाऱ्यांच्या पेशींना स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या कुळातलं द्रव्य) लागतं, त्यांचं स्टेरॉल बनवणंच बंद पाडणारं विषही एखाद्या बुरशीकडे असेल की! मासाओ कुरोदा या सहकाऱ्याबरोबर त्यांनी दोन वर्षांत सहा हजारांच्या वर बुरश्यांचे अर्क तपासले.

पहिलं हाताला लागलं ते १९७२ मध्ये: सिट्रिनिन. उंदरांचं कोलेस्टेरॉल उतरलं, पण मूत्रपिंडं बिघडली. एंडोंनी ते बाजूला ठेवलं. हे नाव लक्षात असू द्या, पुढे परत येणार आहे.

१९७३ मध्ये दुसरं मिळालं. क्योतोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेली पेनिसिलियम सिट्रिनम ही बुरशी, आणि तिच्यातला रेणू एमएल-२३६बी. पुढे त्याला कॉम्पॅक्टिन म्हणू लागले. ब्रिटनमध्ये बीचम या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांना तोच रेणू दुसऱ्या एका पेनिसिलियममध्ये मिळाला होता आणि नाव त्यांचं टिकलं. परीक्षानळीत औषध झकास चालायचं, उंदरांना दिलं की काहीच नाही. एखादी कंपनी तिथेच फाइल बंद करते. एंडोंनी त्याच संस्थेतल्या एका सहकाऱ्याकडच्या अंडी देणाऱ्या कोंबड्या मागून घेतल्या. कोंबडीच्या अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणजे तिच्या शरीरात ते बनतही भरपूर असणार. कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं. उंदराचं यकृत काय करत होतं, तर औषधाने कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवलं की तेच एन्झाइम कितीतरी पटींनी जास्त तयार करून तूट भरून काढत होतं.

१९७८ मध्ये ओसाकाला हे औषध पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. जन्मतःच कोलेस्टेरॉल अफाट असलेली १८ वर्षांची मुलगी. कोलेस्टेरॉल उतरलं, पण स्नायू दुबळे झाले; औषध थांबवून मग कमी मात्रेत पुन्हा दिलं. म्हणजे पहिल्याच पेशंटमध्ये गुण आणि दोष दोन्ही दिसले. पुढे कुत्र्यांना प्रचंड मात्रा दिल्यावर आतड्यांत गाठींची शंका आली आणि १९८० मध्ये सांक्योने कॉम्पॅक्टिन गुंडाळलं.

दरम्यान अमेरिकेत मर्क कंपनीत आल्फ्रेड आल्बर्ट्स आणि ज्युली चेन यांना नोव्हेंबर १९७८ मध्ये, शोध सुरू केल्यावर काही आठवड्यांतच, मातीतल्या अ‍ॅस्परजिलस टेरियस या बुरशीत एक रेणू मिळाला. त्याचं नाव मेव्हिनोलिन. एंडो सांक्यो सोडून विद्यापीठात गेले होते. त्यांना १९७९च्या सुरुवातीला लाल भाताच्या मोनॅस्कसमध्ये एक मिळाला, त्याचं नाव मोनॅकोलिन के. दोन्ही एकच निघाले. मेव्हिनोलिनचं पुढे लोवास्टॅटिन झालं आणि १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. एंडोंना पुढे वैद्यकातला मोठा मानला जाणारा लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं, पण तो विषय वेगळा.

आता रेणूकडे या. तुम्ही विज्ञान शिकवलंय म्हणून जरा तपशिलात जातो. २४ कार्बन, ३६ हायड्रोजन, ५ ऑक्सिजन. मधाच्या पोळ्यातली दोन शेजारची घरं डोळ्यांसमोर आणा. एकमेकींना चिकटलेल्या अशा दोन षटकोनी कड्या म्हणजे रेणूचं धड. धडाला एका बाजूने पाच कार्बनचं, एस्टर बंधाने जोडलेलं शेपूट. दुसऱ्या बाजूला दोन कार्बनच्या दांड्यावर तिसरी कडी, तिला लॅक्टोन म्हणतात. कॉम्पॅक्टिनमध्ये आणि यात फरक धडावरच्या एका मिथिल गटाचा (एक कार्बन, तीन हायड्रोजन). शेपटावर आणखी एक मिथिल चढवला की सिम्वास्टॅटिन. एवढासा बदल, पण त्यामुळे औषधाची ताकद साधारण दुप्पट होते.

बुरशी हे सगळं दोन-दोन कार्बनचे तुकडे माळेत ओवावेत तसं जोडत नेते, धड आणि शेपूट वेगवेगळं बनवते आणि शेवटी एक एन्झाइम शेपूट धडाला लावतं. हे शेवटचं एन्झाइम शास्त्रज्ञांनी सुधारून घेतलं आणि आता सिम्वास्टॅटिन बनवायला ते कामाला लावलंय. बुरशी वाढवून औषध काढण्याचा धंदा आपल्याला परका नाही; पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पन्नासच्या दशकापासून पेनिसिलिन असंच बनत होतं. लोवास्टॅटिन बंगळुरूच्या बायोकॉनने बनवलं आणि अमेरिकेला विकलंही.

खरी करामत त्या लॅक्टोनच्या कडीत आहे. गोळीत ती मिटलेल्या चाकूसारखी असते. मिटलेलं लोवास्टॅटिन काही कापत नाही. यकृतात पाण्याचा एक रेणू घेऊन कडी उघडते आणि आम्ल तयार होतं. ते उघडं टोक एचएमजी या तुकड्यासारखं हुबेहूब दिसतं. शरीरात कोलेस्टेरॉल बनताना एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम हा एचएमजीचा तुकडा पकडून त्याचं मेव्हॅलोनेट करतं. साखळीत पुढे पुष्कळ पायऱ्या आहेत, पण वेग ठरतो तो इथे. औषधाचं उघडं टोक त्या खाचेत जाऊन बसतं, आणि एन्झाइमला मूळ तुकड्यापेक्षा हजारो पटींनी जास्त घट्ट चिकटतं. अ‍ॅटोर्वास्टॅटिनचं धड बुरशीच्या धडासारखं अजिबात नाही, पण हे टोक जसंच्या तसं बुरशीचं उचललेलं आहे, आणि आधीच उघडलेलं. तेव्हा बुरशी गेली, तिचा चाकू राहिला, असं म्हणा हवं तर.

'म्हणजे कोलेस्टेरॉल बनणं थांबतं आणि म्हणून ते कमी होतं' इथे बहुतेक जण थांबतात. ते अर्धंच खरं आहे. गावाला नळाचं पाणी बंद झालं की लोक विहिरीवर दोर टाकतात ना, तसं यकृताचं होतं. स्वतःचं उत्पादन घटलं की यकृताच्या पेशी पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतात आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. रिपोर्टवरचा आकडा उतरतो तो मुख्यतः या उपशामुळे. हे रिसेप्टर शोधणाऱ्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं. ज्या मुलांच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही जनुकांत हा रिसेप्टर निकामी असतो, त्यांना स्टॅटिनचा फायदा फार कमी का होतो, तेही यातून कळतं: विहिरीला दोरच नाही.

उपयोग किती? १९९४च्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात ४,४४४ हृदयरुग्णांना सिम्वास्टॅटिन किंवा नुसती खोटी गोळी दिली. पाचेक वर्षांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. लोवास्टॅटिनचा अमेरिकेतला अभ्यास १९९८चा: हृदयविकार नसलेले ६,६०५ लोक, पहिल्या मोठ्या झटक्यांचं प्रमाण ३७ टक्क्यांनी घटलं. नऊ वर्षांचा डायबेटिस आणि ६१ वय, एवढ्यावरच स्टॅटिन द्यावं असं मी म्हणतो. १५८ नसून ११० असता तरी म्हटलं असतं.

मग तुमचा मुलगा विचारेल, आत लोवास्टॅटिनच आहे तर कॅप्सूलच घेऊ दे की. घेऊ दिली असती, आत किती आहे ते कळलं असतं तर. अमेरिकेत बाजारातली १२ उत्पादनं तपासून २०१० मध्ये निकाल छापला गेला: एका कॅप्सूलमध्ये मोनॅकोलिन के ०.१ मिलिग्रॅमपासून १० मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे शंभर पटींचा फरक, आणि डबे सगळे सारखेच दिसणारे. गंमत अशी की प्रमाण छापलं तर अमेरिकी औषध प्रशासन म्हणणार, हे विनापरवाना औषध आहे. म्हणून कोणी छापतच नाही. त्या १२ पैकी चारांमध्ये सिट्रिनिनही वाढलेलं निघालं. तेच सिट्रिनिन, जे एंडोंनी १९७२ मध्ये मूत्रपिंडांच्या भीतीने टाकून दिलं होतं. भातावर बुरशी वाढवताना ते सोबत येऊ शकतं. डायबेटिसमुळे तुमच्या मूत्रपिंडांवर आधीच ताण आहे, त्यात हे कशाला? युरोपीय संघाने २०२२ मध्ये अशा उत्पादनांतून दिवसाला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमीच मोनॅकोलिन जावं असं बंधन घातलं. २०२४ मध्ये खुद्द जपानमध्ये लाल भाताच्या गोळ्यांनी मूत्रपिंडं खराब झाल्याचं मोठं प्रकरण झालं. तिथे दुसरीच एक पेनिसिलियम बुरशी उत्पादनात शिरली होती.

आता तुमची ता. क.

गजकर्ण बुरशीमुळेच होतं. इट्राकोनॅझोलही त्या बुरशीचं स्टेरॉलच बंद पाडतं, फक्त त्याच साखळीत बरंच पुढे. एंडोंचं औषध पहिल्या दरवाजाशी उभं असतं, स्किनच्या डॉक्टरांचं पार आतल्या खोलीत. भांडण तिथे नाही. आपल्या यकृतात आणि आतड्यात सीवायपी ३ए४ नावाचं एन्झाइम आहे, ते लोवास्टॅटिनला मोडून बाहेर टाकतं, आणि इट्राकोनॅझोल नेमकं त्यालाच बांधून ठेवतं. दोन्ही एकत्र दिल्यावर रक्तातलं लोवास्टॅटिन वीस पटींहून जास्त वाढल्याचं मोजलेलं आहे. म्हणून लोवास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिन यांच्याबरोबर इट्राकोनॅझोल द्यायचंच नाही. आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांत गजकर्ण इतकं हट्टी झालंय की आठवडेच्या आठवडे ही कॅप्सूल चालते. स्किनच्या डॉक्टरांनी तुम्हाला 'आणखी काय घेता' विचारलं असेलही. तुम्ही शुगरच्या, बीपीच्या गोळ्या सांगितल्या असतील. तांदूळ कोण सांगतं?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडचे एक किराणा दुकानदार, सिम्वास्टॅटिन ४० मीच सुरू केलेलं. कफ झाला म्हणून दुसरीकडून क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा कोर्स घेतला. हेही तसंच एन्झाइम बांधणारं औषध. पाचव्या दिवशी मुलाच्या खांद्यावर हात टाकून जिना चढले. मांड्या दाबल्या की कळवळत होते, खुर्चीतून उठता येईना. लघवीची बाटली टेबलावर ठेवली, ती कोऱ्या चहाच्या रंगाची. सीपीके, म्हणजे स्नायू फुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम, २८ हजार आलं. एरवी ते दोनशेच्या आसपास असतं. चार दिवस सलाइनवर ठेवून मूत्रपिंडं वाचली. 'दुसरं औषध सुरू झालं तर आधी मला विचारा' हे वाक्य मी त्यांना सांगितलं नव्हतं. आता चिठ्ठीवर मराठीत लिहून देतो. ग्रेपफ्रूट आपण फारसं खात नाही, पण त्याचं जवळचं नातलग पपनस खातो. त्यातही ते एन्झाइम अडवणारी द्रव्यं असतात, तेव्हा सिम्वास्टॅटिनवाल्यांनी रोज पपनस नको.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. इतका गंभीर प्रकार दहा हजारांत एखाद्याला, किंवा त्याहून कमी जणांना होतो. 'गोळीने पोटऱ्या ओढतात' ही तक्रार मात्र रोजची. लंडनला ६० जणांवर एक छान प्रयोग झाला: सगळे स्टॅटिन सोसत नाही म्हणून सोडलेले. त्यांना कधी खरी गोळी, कधी खोटी, कधी काहीच नाही, असे महिने पाळीपाळीने दिले. खऱ्या गोळीवर जो त्रास नोंदला गेला, त्यातला सुमारे ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खरं होतं, पण त्याचं कारण बहुतेक वेळा गोळी नव्हती. तरीही कुणी पोटऱ्या दुखतात म्हटलं की मी सीपीके करतो, थोडे दिवस गोळी थांबवतो आणि मग दुसरं स्टॅटिन कमी मात्रेत देऊन बघतो. मात्रा दुप्पट केल्याने एलडीएल आणखी ६ टक्क्यांनीच उतरतं, त्यामुळे थोड्या मात्रेतही बरंच काम होऊन जातं. शुगरबद्दल: स्टॅटिनने ती किंचित वाढू शकते. २५५ जणांनी चार वर्षं घेतलं तर एखाद्याला नव्याने डायबेटिस होतो, असा हिशोब आहे. तुम्हाला तो आधीच आहे, आणि झटका टळण्याचा फायदा त्याहून फार मोठा.

शाकाहाराचं म्हणाल तर बुरशीचा बाऊ नको; पाव फुगवणारं यीस्टही बुरशीच, आणि पाव आपण खातोच. अ‍ॅटोर्वास्टॅटिनच्या साध्या गोळीत सहसा जिलेटिन नसतं. पण अ‍ॅस्पिरिनबरोबरची जी एकत्रित कॅप्सूल मिळते, तिचं कवच पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. तुमच्या 'नैसर्गिक' कॅप्सूलचं कवचही पाकिटावर वाचून बघा.

तर आता असं करा. उद्या सीपीके आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) करून घ्या. लघवी गडद झाली किंवा मांड्या-दंड दुखून शक्ती गेल्यासारखं वाटलं तर उद्याचीही वाट न पाहता दवाखाना गाठा. इट्राकोनॅझोलचा कोर्स पूर्ण होऊ द्या. ते अंगातून जायला संपल्यावरही एक-दोन आठवडे लागतात. तुम्हाला झटका येऊन गेलेला नाही, म्हणून तोवर स्टॅटिन थांबलं तर बिघडत नाही. त्याआधीच सुरू करायचं असं फॅमिली डॉक्टरांचं मत पडलं तर या एन्झाइमवर फारसं अवलंबून नसलेलं रोसुवास्टॅटिन आहे. अ‍ॅटोर्वास्टॅटिनच द्यायचं ठरलं तर इट्राकोनॅझोलबरोबर २०च्या वर जायचं नाही. दोन्ही गोळ्या सकाळी घ्या की रात्री, फरक पडत नाही. रात्रीच घ्यायचा नियम लोवास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिनचा, कारण त्या शरीरात फार वेळ टिकत नाहीत आणि कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनतं. सुरू केल्यावर सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा. आणि तांदळाचा डबा फेकू नका, दोन्ही डॉक्टरांकडे जाताना पिशवीत टाकून न्या. सीपीकेचा आकडा आला की मला कळवा.